पंचव्यत्यय

पंचव्यत्यय : खेळ चालू असता पंचाच्या शरीरामुळे, हालचालीमुळे किंवा अवेळी केलेल्या कृतीमुळे खेळाच्या स्वाभाविक ओघात येणारा अडथळा. फलंदाजाने टोलविलेला चेंडू मैदानात उभ्या असलेल्या पंचास लागणे, हे या अडथळ्याचे सर्वांत ठळक रूप होय. पंच कोणत्याही पक्षाचा नसतो व तो स्वतः खेळतही नाही. तथापि क्रिकेट, बेसबॉल यांसारख्या खेळांत निर्णय अचूक देता यावा म्हणून त्यास खेळाच्या क्षेत्रातच उभे राहावे लागते. साहजिकच चेंडू त्यास लागून वाट बदलतो, तेव्हा एका पक्षाचा लाभ व दुसऱ्याची हानी होते. अशी हानी त्या पक्षाने निमूटपणे सोसावयाची की नियमाने ती भरून द्यावयाची, हा पंचव्यत्ययाच्या नियमांमागील मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर निरनिराळ्या खेळांनी निरनिराळे दिले असून त्यातून त्या त्या खेळाची न्यायाविषयीची दृष्टी दिसून येते.

देशी खेळांतील पंचाचे स्थान : हा प्रश्न महाराष्ट्रातील पारंपरिक मैदानी खेळांत सहसा उद्‌भवत नाही. सातारा व सांगली या जिल्ह्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण करण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या या सलग प्रदेशात कुस्ती, कबड्डी व खो-खो हे खेळ खोलवर रुजले आहेत. १९५२ च्या हेल्‌सिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीतील कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे. या खेळांत पंच असतो. परंतु त्याची जागा अशी ठरविलेली असते, की तो खेळाच्या वाटेत येऊ नये. खो-खोमध्ये दोन्ही पंच मैदानाभोवतीच्या मोकळ्या पट्टीच्या बाहेर उभे राहून मध्यपाटीने विभागलेल्या आपापल्या अर्ध्या भागावर देखरेख करतात. कबड्डीतील पंच अंगणाच्या कडेने फिरतात. कुस्तीचा पंच मात्र मल्लांच्या निकट वावरतो. पण तेथे त्याच्यावर आदळून दिशा बदलेल असे कोणतेही साधन नसते.

विटीदांडूच्या खेळात साधन आहे, ते हवेत उडते व प्रतिपक्षाने ते झेलल्यास खेळणारा बादही होतो. या खेळाचे क्रिकेटशी असलेले साम्य उघड आहे. परंतु विटीदांडूमध्ये स्वतंत्र पंच ठेवण्याची प्रथाच नाही. अंतर दांडूने मोजले जाते व तंटा उद्‌भवल्यास खेळाडू तो आपसांत मिटवितात. थोडक्यात, ज्या देशी खेळांत पंच आहे तेथे चेंडू नाही आणि जेथे चेंडूसारखे साधन आहे तेथे पंच नाही. दोहोंची गाठ प्रथम पडली ती इंग्रजी अमदानीत आलेल्या क्रिकेटमध्ये.

क्रिकेटचा प्रवेश : मराठीत प्रारंभी चेंडूफळी या नावानेही ओळखला गेलेला हा खेळ इंग्रजी शाळा, महाविद्यालये व संस्थाने यांच्या आश्रयाने दक्षिण महाराष्ट्रात पसरला. सांगली हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. १९१९ मध्ये तेथे विलिंग्डन महाविद्यालय निघाले. भारताचे थोर फलंदाज विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. भारताचे नेतृत्व करताना १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे इंग्लंडला हरवून त्यांच्या संघाने देशाला कसोटी सामन्यातील पहिला विजय मिळवून दिला. पंचाच्या व्यत्ययामुळे हाच पहिला विजय तीन वर्षे कसा लांबला, याचा विचार पुढे केला आहे.

क्रिकेटमधील नियम : क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड म्हणजे २०·१२ मी. लांबीची असते. एक पंच गोलंदाजाच्या बाजूच्या यष्टींमागे व दुसरा फलंदाजाच्या बाजूस काटकोनात, काही अंतरावर उभा राहतो. पहिल्या पंचाने गोलंदाजाच्या धावेत वा फलंदाजाच्या दृष्टीआड येऊ नये आणि त्याच वेळी त्यास सर्व काही नीट दिसावे, अशी नियमांची अपेक्षा आहे. मात्र ही जागा सरळ टोल्याच्या अगदी रेषेत येते. म्हणूनच टोलविलेला चेंडू पंचास लागण्याचे प्रसंग प्रामुख्याने गोलंदाजाच्या बाजूसच घडतात.

क्रिकेटच्या नियमांची पहिली ज्ञात संहिता १७४४ ची असून मेरिलबोन क्रिकेट क्लबने १८८४, १९४७, १९८०, २००० व २०१७ या वर्षी सुधारित संहिता प्रसिद्ध केल्या. १९४७ च्या संहितेत चेंडू फलंदाजाच्या किंवा पंचाच्या कपड्यांत अडकल्यास तो मृत समजावा, असे कलम आहे. म्हणजेच त्या क्षणी खेळ थांबतो व धावा काढता येत नाहीत अथवा कोणास बादही करता येत नाही. हे तत्त्व २०१७ च्या संहितेतील विसाव्या नियमात कायम आहे. तथापि चेंडू पंचास नुसता लागल्याने मृत होत नाही. तो जणू खांबास वा दगडास लागावा, तसा खेळ पुढे चालू राहतो. क्रिकेटच्या दृष्टीने पंच हा त्या क्षणापुरता मैदानाचाच एक भाग ठरतो.

या तत्त्वाचे परिणाम दूरगामी आहेत. सीमेकडे निघालेला चेंडू पंचाच्या पायास लागून थांबला, तर फलंदाजाच्या हक्काच्या वाटणाऱ्या चार धावा बुडतात व त्याबद्दल त्यास काहीही मिळत नाही. उलट, क्षेत्ररक्षकाच्या हाती सहज येणारा चेंडू पंचास लागून दूर गेला, तर निघालेल्या धावा फलंदाजाच्या खाती जमा होतात. हवेतील चेंडू पंचास लागून उडाला व जमिनीस स्पर्श होण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने तो झेलला, तर फलंदाज झेलबाद होतो. धावचीत होण्याबाबत मात्र एक सूक्ष्म भेद आहे. टोलविलेला चेंडू पंचास लागून थेट यष्टींवर आदळला व त्यास कोणाही क्षेत्ररक्षकाचा स्पर्श झालेला नसला, तर पलीकडील फलंदाज क्षेत्राबाहेर असला तरी बाद होत नाही. कारण क्षेत्ररक्षकाच्या कृतीने यष्टी पडणे ही धावचीत होण्यामागील अट आहे. तोच चेंडू आधी गोलंदाजाच्या बोटांना चाटून गेलेला असल्यास फलंदाज बाद ठरतो.

चेंडू लागून पंचास अथवा खेळाडूस गंभीर इजा झाल्यास मात्र पंचाने चेंडू मृत झाल्याचे तत्काळ जाहीर करावे, अशी नियमाची आज्ञा आहे. अशा वेळी खेळ थांबतो, तो कोणा पक्षाची भरपाई करण्यासाठी नव्हे. जखमी माणसाकडे लक्ष देता यावे म्हणून थांबतो.

बेसबॉलमधील नियम : अमेरिकेत वाढलेल्या बेसबॉलने याच प्रसंगाचा विचार वेगळ्या पद्धतीने केला आहे. ‘पंचाचा व्यत्यय’ ही संज्ञा एक पारिभाषिक पद म्हणून नियमपुस्तकात येते ती याच खेळात. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात, फलंदाजामागे बसलेल्या कॅचरची फेक त्याच्या पाठीमागील पंचामुळे अडखळते. धावणाऱ्यास बाद करण्यासाठी केलेली ती फेक सफल न झाल्यास चेंडू मृत होतो व धावणारे खेळाडू आपापल्या मूळ तळावर परततात. दुसऱ्या प्रकारात, वैध क्षेत्रात टोलविलेला चेंडू एकाही क्षेत्ररक्षकास स्पर्श न करता व पिचरखेरीज अन्य कोणा क्षेत्ररक्षकाला ओलांडून न जाता पंचास लागतो. असे झाल्यास चेंडू तत्काळ मृत होतो, फलंदाजास पहिला तळ बहाल केला जातो व त्याच्या नावे यशस्वी टोला नोंदविला जातो. फलंदाजासाठी जागा करून देणे ज्या धावणाऱ्यांना भाग पडते, तेवढेच एकेक तळ पुढे सरकतात. इतर आपल्या जागी राहतात.

चेंडू क्षेत्ररक्षकास शिवून वा त्यास ओलांडून गेल्यावर पंचास लागला, तर मात्र बेसबॉलमध्येही खेळ चालू राहतो. या भेदामागील विचार स्पष्ट आहे. बेसबॉलमधील तळ एकमेकांपासून ९० फूट म्हणजे २७·४३ मी. अंतरावर असतात व त्या चौकोनात क्षेत्ररक्षक दाटीने उभे असतात. त्यांच्याकडे निघालेला चेंडू वाटेतच पंचास लागला, तर त्यांस आपले कौशल्य दाखविण्याची संधीच मिळत नाही आणि पुढे काय झाले असते हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून नियम खेळ थांबवितो व एक ठराविक तोडगा लागू करतो. क्षेत्ररक्षकाची संधी एकदा हुकल्यानंतर त्याची हानी पंचामुळे झाली, असे म्हणता येत नाही.

झेलाबाबतही दोन्ही खेळांत विरोध आहे. बेसबॉलमध्ये हवेतील चेंडूस पंचाचा स्पर्श होताच तो झेलण्याजोगा राहत नाही, क्रिकेटमध्ये राहतो. एकच घटना एका खेळात फलंदाजास बाद करते, तर दुसऱ्या खेळात त्यास वाचविते.

इतर खेळ : हॉकीमध्ये चेंडू पंचास लागल्यास खेळ चालू राहतो, तेथे क्रिकेटचेच तत्त्व मान्य आहे. फुटबॉलमध्येही दीर्घकाळ हीच पद्धत होती. चेंडू पंचास लागून गोलमध्ये गेला, तरी तो गोल ग्राह्य धरला जात असे. २०१९ मध्ये तेथील नियमात महत्त्वाचा बदल झाला. चेंडू पंचास लागून मैदानातच राहिला आणि त्यामुळे एखाद्या संघास आशादायक चढाईची संधी मिळाली, चेंडू थेट गोलमध्ये गेला किंवा त्याचा ताबा दुसऱ्या संघाकडे गेला, तर खेळ थांबवून पंचाने चेंडू खाली टाकून तो पुन्हा सुरू करावा, असे ठरले. या तीन परिस्थितींखेरीज खेळ पूर्ववत चालतो. फुटबॉलने अशा रीतीने क्रिकेट व बेसबॉल यांच्यामधील मार्ग स्वीकारला आहे : स्पर्श हा स्वतः दोष नव्हे, परंतु त्या स्पर्शाने कोणा एका पक्षाचा ठळक लाभ होत असेल, तर तो नाकारावा.

स्थानिक सामन्यांतील प्रश्न : मोठ्या सामन्यांत पंच त्रयस्थ असतो. सातारा-सांगली भागातच नव्हे, तर महाराष्ट्रात सर्वत्र शाळांच्या पटांगणांवर व गावोगावच्या मैदानांवर होणाऱ्या सामन्यांत परिस्थिती अनेकदा निराळी असते. तेथे फलंदाजी करणाऱ्या संघातील आपली पाळी न आलेला अथवा बाद झालेला खेळाडूच पंचाचे काम करतो. त्यास लागून चेंडू गोलंदाजापासून दूर गेला, तर त्याने तो मुद्दाम अडविला, अशी शंका क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघास येते. त्याच्या खांद्यास लागून झेल उडाला, तर त्याचेच सोबती त्यास दोष देतात. नियमाच्या दृष्टीने दोन्ही प्रसंगी उत्तर एकच असते : चेंडू जिवंत आहे. परंतु पंचाच्या तटस्थतेविषयी खात्री नसेल, तेथे हे साधे उत्तर पटत नाही व वाद होतात.

अशा सामन्यांत पंचाने पाळावयाची पथ्ये थोडी व सोपी आहेत. टोला बसताच चेंडूच्या वाटेतून बाजूस व्हावे व यष्टी आणि क्रीझ यांची रेषा दिसेल अशी जागा घ्यावी. चेंडू अंगावर आल्यास तो टाळावा, पण हाताने अडवू वा झेलू नये. चेंडू लागल्यास कोणतीही खूण न करता नजर चेंडूवर ठेवावी व चालू खेळाचा निर्णय द्यावा. ज्या मैदानावर दोन सामने शेजारीशेजारी चालतात किंवा ज्याच्या हद्दीत झाडे, भिंती वा घरे येतात, तेथे उभय कर्णधारांनी सामन्यापूर्वीच या गोष्टींविषयीचे संकेत निश्चित केलेले बरे. नंतर केलेला कोणताही तह एका पक्षास अन्यायाचाच वाटतो.

वेळेच्या बाबतीतील व्यत्यय : पंचाच्या शरीरामुळे येणारा व्यत्यय एका चेंडूपुरता असतो. त्याच्या अवेळी कृतीमुळे येणारा व्यत्यय मात्र सबंध सामन्याचा निकाल बदलू शकतो. याचे भारतीय क्रिकेटमधील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर ४ ते ८ फेब्रुवारी १९४९ या काळात झालेल्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाचव्या कसोटी सामन्याचे होय. मालिकेतील मद्रासचा सामना भारताने गमावला होता व उरलेले तीन अनिर्णित राहिले होते. मुंबईला विजयासाठी भारतास ३६१ धावांची आवश्यकता होती. रुसी मोदी यांनी ८६ व विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या. हजारे बाद झाल्यावर कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी किल्ला लढविला. भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या असता, म्हणजे विजयास अवघ्या ६ धावा कमी असता, पंच बापू जोशी यांनी बेल्स उचलून खेळ समाप्त झाल्याची खूण केली. त्या वेळी चालू षट्कातील एक चेंडू टाकावयाचा राहिला होता व घड्याळात सु. दीड मिनिट शिल्लक होते. सामना अनिर्णित राहिला व मालिका भारताने एक सामन्याने गमावली.

या घटनेतून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की येथे पक्षपाताचा प्रश्न नव्हता. पंच यजमान देशाचे होते व हानीही यजमानांचीच झाली. विजय व पराभव यांच्या उंबरठ्यावरील उत्कंठेच्या क्षणी झालेली ती घाई होती. तटस्थता व दक्षता हे पंचाचे दोन वेगळे गुण असून एकाच्या असण्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही, हे या सामन्याने दाखविले. पुढील काळात दोन्ही अंगांनी सुधारणा झाल्या. १९८० च्या संहितेत सामन्याच्या अखेरच्या तासात किमान वीस षट्के टाकली जावीत, अशी तरतूद आहे. त्यामुळे शेवट केवळ पंचाच्या घड्याळावर अवलंबून राहिला नाही. तटस्थ पंचांचा प्रयोग १९८६ मध्ये लाहोर येथील पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामन्यात झाला आणि तेथे मुंबईचे पिलू रिपोर्टर व व्ही. के. रामस्वामी या भारतीय पंचांनी काम पाहिले.

पंचाची सुरक्षितता : क्रिकेटचा चेंडू सु. १५६ ते १६३ ग्रॅ. वजनाचा व कठीण असतो. मर्यादित षट्कांच्या सामन्यांमुळे सरळ व जोरकस टोल्यांचे प्रमाण वाढले, तसा पंचासमोरील धोकाही वाढला. चेंडू लागून पंच मृत्युमुखी पडल्याच्या घटना वेल्समध्ये २००९ व २०१९ मध्ये आणि इझ्राएलमधील ॲशदोद येथे २०१४ मध्ये घडल्या. २०१४ च्या डिसेंबरमध्ये तमिळनाडूतील दिंडिगल येथे रणजी सामन्यात ऑस्ट्रेलियन पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्यास टोलविलेला चेंडू लागला व त्यांस रुग्णालयात न्यावे लागले. पुढे २० जानेवारी २०१६ रोजी कॅनबेरा येथील भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील एकदिवसीय सामन्यात ते शिरस्त्राण घालून उभे राहिले. ब्रूस ऑक्सनफोर्ड या पंचांनी त्याच वर्षी पुढल्या हातावर बांधावयाची पारदर्शक ढाल वापरण्यास आरंभ केला.

महाराष्ट्रातील या प्रकारची ठळक घटना ८ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत व इंग्लंड यांच्यातील कसोटी सामन्यात घडली. भुवनेश्वर कुमार यांनी सीमेजवळून केलेली फेक पंच पॉल रायफेल यांच्या डोक्याच्या मागील बाजूस लागली. त्यांस मैदान सोडावे लागले व मराय इरॅस्मस यांनी त्यांची जागा घेतली. टोलविलेला चेंडू समोरून येतो, फेकीचा चेंडू पाठीमागूनही येतो. पंचाचे लक्ष खेळपट्टीकडे असताना दुसरा धोका अधिक गंभीर ठरतो, हे या प्रसंगी दिसून आले.

मूल्यमापन : क्रिकेट व बेसबॉल यांच्या नियमांपैकी एक न्याय्य व दुसरा अन्याय्य, असे म्हणता येत नाही. बेसबॉल प्रत्येक हानीची मोजदाद करून ती भरून देऊ पाहतो. परंतु बहाल केलेला तळ हा घडलेल्या खेळाचा नव्हे, तर कल्पिलेल्या खेळाचा मोबदला असतो. क्रिकेट अशी कल्पना करण्याचे नाकारतो व दैवाचा भाग म्हणून ती घटना मान्य करतो; मात्र त्यामुळे पंचावर स्वतः वाटेत न येण्याची जबाबदारी अधिक पडते. आजवरच्या सुधारणांत क्रिकेटने हे मूलतत्त्व बदललेले नाही. बदल झाला तो पंचाच्या संरक्षणात, त्याच्या निवडीत व खेळाच्या समाप्तीचा निर्णय त्याच्या एकट्याच्या हाती न ठेवण्यात. खो-खो व कबड्डी यांनी पंचास रेषेबाहेर उभे करून जे साधले, ते रेषेच्या आत उभ्या असलेल्या पंचास केवळ स्वतःच्या संयमाने साधावे लागते. ब्रेबर्न स्टेडियमवरील दीड मिनिटाचे महत्त्व याच कारणाने क्रिकेटच्या इतिहासात कायम राहिले आहे.